लाडक्या प्राण्याच्या आठवणींची गोधडी: आधी धुणं, मग रंग, मग कात्री

गेलेल्या कुत्र्या-मांजराच्या कापडांची गोधडी करायची आणि मधोमध त्याचा चेहरा रंगवायचा, ही कल्पना अनेकांच्या मनात येते. बरेचजण ती सुरूही करतात. मग अर्ध्यावर गाडी अडते, आणि तोवर मूळ पांघरुणाचे तुकडे झालेले असतात. चूक बहुतेकदा टाक्यांत किंवा चित्रकलेत नसते, क्रमात असते. कापड आधी कापलं आणि नंतर धुतलं. चौकोन जोडून झाल्यावर रंगवायला घेतला. पट्टा मशीनखाली घातला आणि सुई मोडली.

मीही यातून गेले आहे. भुऱ्या बोका ज्या टॉवेलवर झोपायचा त्याचे मी मोठ्या हौसेने सहा चौकोन कापले आणि मग ते धुवायला टाकले. बाहेर आला तो दोऱ्यांचा गुंता. सहापैकी दोन चौकोन वाचले. साधं कापड बिघडलं तर दुसरं आणता येतं, ही सोय या कामात नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

टप्पा १: आकार ठरवा, आणि लहान ठरवा

पहिल्या खेपेला पलंगभर गोधडीच्या नादी लागू नका. आडवे तीन, उभे तीन असे नऊ चौकोन पुरेत. प्रत्येक चौकोन तयार झाल्यावर १२ इंचांचा, म्हणजे अख्खी गोधडी ३६ बाय ३६ इंच. मांडीवर घेता येते, भिंतीवर लावता येते आणि घरगुती मशीनखाली फिरवता येते.

नऊपैकी एकच चौकोन रंगवायचा, तोही मधला. चार-पाच चेहरे रंगवायचा मोह होतो. पण रंगवलेलं कापड ताठर होतं आणि त्यावरून टीप मारता येत नाही, त्यामुळे असे चौकोन जितके जास्त तितकी गोधडी पुठ्ठ्यासारखी. बाकीचे आठ चौकोन त्याच्या कापडांचे, आणि ती कमी पडली तर साध्या सुती कापडाचे.

कागदावर नऊ घरं काढून कुठे काय येणार ते लिहा. जाड कापडं एकमेकांना लागून ठेवू नका. टॉवेलशेजारी टॉवेल आला की तिथल्या जोडात कापडाचे इतके पदर होतात की मशीन कण्हायला लागतं.

टप्पा २: कापडं धुवा, आणि अजून कापू नका

पांघरूण, गादीचा अभ्रा, टॉवेल, गळ्यात बांधायचा रुमाल, तो ज्यावर हक्काने झोपायचा तो तुमचा टी-शर्ट, असं सगळं एकत्र करा. प्रत्येक वस्तूचा अख्खा असतानाच फोटो काढा. पुढे कापताना कुठला भाग ठेवायचा हे त्या फोटोवरून ठरवता येतं, आणि एरवीही तो जवळ असलेला बरा.

वास जपायचा असेल तर निर्णय आत्ताच घ्या. एक लहान वस्तू न धुता, पूर्ण कोरडी करून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ती गोधडीत जाणार नाही. न धुतलेलं कापड गोधडीत शिवलं तर तेलकट डाग, पिसवांची अंडी आणि कोंडा सगळं आत कोंडलं जातं.

धुण्याचाही क्रम आहे:

१. केस कोरडे असतानाच काढा. रबरी हातमोजा घालून कापडावरून एकाच दिशेने हात फिरवला की केसांच्या गुंडाळ्या होऊन निघतात. ओले केस धाग्यांत जास्तच रुततात.

२. डाग ओळखा. रक्ताच्या डागाला थंड पाणीच, कारण गरम पाण्याने तो पक्का बसतो. लघवीच्या डागाला आणि वासाला एन्झाइमयुक्त डिटर्जंटमध्ये तासभर भिजवून ठेवा.

३. डाग गेल्यावर सुती कापडं गरम पाण्यात, जमल्यास ६० अंशांवर, धुवा. लोकर वेगळी काढून थंड पाण्यात धुवा, नाहीतर ती आटून तिचा नमदा होतो.

४. कापड मऊ करणारं द्रावण घालू नका. त्याचा थर राहतो आणि त्यावर ना फ्यूजिंग (कापडाच्या मागे इस्त्रीने चिकटवायचं पातळ अस्तर) नीट चिकटतं ना रंग.

नव्याने घेतलेलं सुती कापड आणि रंगवायचं पांढरं कापडही याच वेळी धुऊन घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. जुनं आधीच आटलेलं असतं. दोन्ही तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर गोधडीला सुरकुत्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत.

तपासा: कापड वाळल्यावर उजेडात धरा. डाग दिसतोय? मग इस्त्री लावू नका, पुन्हा धुवा. इस्त्री फिरली की तो डाग कायमचा.

टप्पा ३: फोटो निवडा

आवडता फोटो आणि रंगवण्याजोगा फोटो वेगळे असू शकतात. रंगवायला असा फोटो लागतो: त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला, खिडकीच्या उजेडातला, एका बाजूने सावली असलेला. फ्लॅशचा फोटो बाजूला ठेवा. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि बाहुली दिसेनाशी होते. असा फोटो बघून चेहरा रंगवला तर तो अनोळखी वाटतो. वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि अंग चिमुकलं दिसतं, तोही नको.

चेहरा ७ इंच उंच येईल अशा मापात दोन प्रती छापा, एक रंगीत आणि एक कृष्णधवल. सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग कुठे आहेत हे कृष्णधवल प्रतीतच कळतं. मापाचं कारण टप्पा ८ मध्ये येईल, पण ते वाढवू नका.

रंगीत प्रतीवर पेन्सिलने केसांच्या दिशेचे बाण काढा. नाकाच्या वरून केस कपाळाकडे जातात, गालांवर बाहेर आणि खाली वळतात, कानांच्या मुळाशी भोवरा असतो. पाच मिनिटांचं हे काम टाळलं की चेहऱ्यावर केसांऐवजी गवत उगवतं.

टप्पा ४: चेहरा रंगवा

घट्ट विणीचं, पांढरं किंवा फिकट, शंभर टक्के सुती कापड घ्या. तुकडा १६ बाय १६ इंचांचा. होय, चौकोन १२ इंचांचा असला तरी. रंगवताना कडा उसवतात, इस्त्रीने कापड किंचित आखडतं आणि चेहरा बरोबर मध्यावर येतोच असं नाही. मोठ्या तुकड्यातून नंतर हवा तसा चौकोन काढता येतो.

पुठ्ठ्यावर प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर कापड चारी बाजूंनी चिकटपट्टीने ताणून बसवा. भरतकामाची रिंग वापरू नका. तिचा वळ उमटतो आणि कापड तिरपं ओढलं जातं.

रेखाटन खिडकीच्या काचेवर करा. आधी छापील प्रत चिकटवा, तिच्यावर कापड, आणि फिकट पेन्सिलने ठळक रेषाच उतरवून घ्या: डोळे, नाक, जबडा, कानांची टोकं.

सावधान: पाण्याने जाणाऱ्या शाईच्या पेनने रेखाटलं आणि ती न धुता इस्त्री केली, तर ती शाई पक्की बसते. इस्त्रीने उडणारी शाई थंडीत पुन्हा उमटू शकते. चेहऱ्यावर पेन्सिलच बरी.

रंग कापडाचे घ्या, किंवा ॲक्रिलिकमध्ये फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर मऊ राहावा म्हणून घालायचं द्रावण) बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा. नुसतं ॲक्रिलिक वाळल्यावर कडक होतं आणि घडीवर तडकतं. पाणी जवळजवळ घालूच नका, रंग धाग्याधाग्याने बाहेर पसरतो. रंग दाट वाटला तर मीडियमनेच सैल करा. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून रंग जुळवताना त्याच कापडाच्या कपट्यावर लावून, वाळवून बघा.

आता क्रम, आणि इथे घाई करू नका.

पहिले डोळे. डोळे जमले नाहीत तर बाकीचं रंगवण्यात अर्थ नाही, मग शेवटी कळण्यापेक्षा पहिल्या तासात कळलेलं चांगलं. कपट्यावर तीन-चार डोळे काढून हात बसवा. कुत्र्याची बाहुली गोल असते. मांजराची उजेडात उभी फट आणि अंधारात मोठी गोल, तेव्हा फोटोत जशी आहे तशीच काढा. बुबुळाचा वरचा भाग पापणीच्या सावलीने गडद असतो, खालचा उजळ. या फरकानेच डोळा गोलाकार वाटतो. सगळ्यात शेवटी काडीच्या टोकाने पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. भुऱ्याच्या चित्रात मी एक ठिपका डावीकडे आणि एक उजवीकडे दिला होता. दोन दिवस बघत होते, काय चुकलंय ते कळेना. बोका तिरळा दिसत होता.

मग चेहऱ्यावर मधल्या छटेचा पातळ थर. तो वाळला की गडद भाग: कानांच्या आत, हनुवटीखाली, डोळ्यांच्या कोपऱ्यांत. मग बारीक ब्रशने उजळ केस, बाणांच्या दिशेने, मुळापासून टोकाकडे हात हलका करत. आधी गडद आणि वर उजळ, कारण खरे केसही असेच एकावर एक असतात. प्रत्येक थर वाळू द्या. ओल्यावर ओलं लावलं की चिखल होतो.

काळ्या प्राण्याला नुसता काळा रंग लावला तर चेहऱ्याच्या जागी भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा करा. उजेडाच्या बाजूला निळसर, सावलीत तपकिरी. पांढऱ्या प्राण्याचं उलट. बहुतेक भाग फिकट राखाडी, आणि शुद्ध पांढरा फक्त चार-सहा केसांना.

मिशा रंगवू नका. कितीही बारीक ब्रश घेतला तरी त्या कापसाच्या वातींसारख्या जाड दिसतात. रंग पक्का झाल्यावर भरतकामाच्या पांढऱ्या दोऱ्याचा एकच पदर घेऊन एकेक लांब टाका घाला. मिशी दोन इंचांपेक्षा लांब असेल तर मध्ये एक अगदी छोटा टाका घालून ती धरून ठेवा, नाहीतर कशाततरी अडकून ओढली जाईल.

तपासा: चित्र भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. मग आरशात बघा. एक डोळा वर-खाली असेल तर आरशात लगेच कळतं.

टप्पा ५: रंग पक्का करा

किमान २४ तास सपाट वाळू द्या. मग वाफ बंद करून, कापड उलटं घालून, मध्ये सुती फडकं ठेवून सुती कापडाच्या तापमानावर इस्त्री फिरवा. प्रत्येक भागावर साधारण तीन ते पाच मिनिटं, पण इस्त्री एका जागी थांबू न देता. बाटलीवर वेगळा वेळ दिला असेल तर तो पाळा. वाफ वापरली की रंग फुगतो आणि फडक्याला चिकटून सुटतो.

तपासा: ओलं पांढरं फडकं चित्राच्या कोपऱ्यावर घासा. रंग लागला तर पुन्हा इस्त्री.

टप्पा ६: आता कात्री

पारंपरिक नियम पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला जादा कापड, ठेवण्याचा आहे. इथे अर्धा इंच ठेवा. टॉवेल, फ्लीस, होजिअरी अशा मिश्र कापडांत पाव इंचाची शिवण उसवते. म्हणून प्रत्येक चौकोन १३ बाय १३ इंच कापायचा.

कापण्याआधी:

- टी-शर्ट आणि इतर ताणलं जाणारं कापड: मोठा तुकडा घ्या, मागे पातळ फ्यूजिंग चिकटवा, आणि मगच मापात कापा. आधी कापून नंतर फ्यूजिंग लावलं तर चौकोन पतंगासारखा तिरका होतो.
- टॉवेल: हेच, शिवाय कापल्याबरोबर चारी कडांना झिगझॅग.
- पॉलिस्टरचं फ्लीस: इस्त्री जवळ नेऊ नका. गरम इस्त्रीखाली ते वितळून चकचकीत होतं. फ्यूजिंगऐवजी मागे पातळ सुती कापड ठेवून कडेने कच्चा टाका घाला.
- विरलेला भाग: टाकून द्यायची गरज नाही. जिथे तो अंगाचं वेटोळं करून बसायचा ती जागा सर्वांत विरलेली असते आणि तीच तुम्हाला हवी असते. मागे सुती कापड लावून धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घाला.

चित्राचा चौकोन सगळ्यात शेवटी कापा. १३ इंचांची खिडकी कापलेला पुठ्ठा चित्रावर सरकवत चेहरा मध्ये आणा, खुणा करा, कापा. चेहरा किंचित खाली आलेला बरा दिसतो, कारण वर कानांना मोकळी जागा लागते.

टप्पा ७: चौकोन जोडा

गळ्याच्या पट्ट्यासाठी खिसा हवा असेल तर तो आत्ताच एका चौकोनावर लावा, कसा ते टप्पा १० मध्ये आहे. मग नऊ चौकोन जमिनीवर मांडून फोटो काढा. फोटोत मांडणी परकी दिसते आणि चुका उठून येतात. मांडणी पटली की प्रत्येक चौकोनाच्या मागे क्रमांकाची चिठ्ठी टाचा.

सुई ९०/१४, टाक्याची लांबी २.५ ते ३ मिलिमीटर. आधी तीन आडव्या ओळी शिवा, मग ओळी एकमेकींना जोडा. शिवणीची माया दोन्ही बाजूंना उघडून दाबा. एका बाजूला वळवली तर जाड कापडात उंचवटा येतो. चित्राच्या चौकोनाशी इस्त्री उलट बाजूनेच.

टॉवेल आणि पातळ सुती कापड जोडताना टॉवेल खाली, मशीनच्या दात्यांकडे ठेवा. दाते खालचं कापड पुढे ओढतात, त्यामुळे जाड कापड मागे राहत नाही.

टप्पा ८: तीन थर आणि टिपा

अस्तर ४२ बाय ४२ इंच, मधला वॅडिंगचा (मऊ भरावाचा) थर ४० बाय ४०, वर तुमचे कडेची माया धरून ३७ इंच. अस्तर नेमकं ३७ कापलं की टिपा मारताना वरचा थर पसरतो आणि अस्तर कडेला कमी पडतं. ही चूक इतकी नेहमीची आहे की मी आता मापं फळ्यावर लिहून ठेवते.

थर रचण्याआधी अस्तराच्या कोपऱ्यात नावाची पट्टी शिवून टाका: त्याचं नाव, तो घरात आला ते साल, गेला ते साल, आणि तुमचं नाव. नंतर लावायची म्हटलं की राहते.

अस्तर उलटं पसरून जमिनीला चिकटपट्टीने ताणून बसवा, त्यावर वॅडिंग, त्यावर गोधडीचा वरचा भाग. मध्यापासून बाहेर, वितीपेक्षा बऱ्याच कमी अंतराने, म्हणजे दर चार इंचांवर सेफ्टी पिन लावा. चित्राला पिन लावू नका, रंगाला पडलेलं भोक बुजत नाही.

चेहरा ७ इंच ठेवण्याचं कारण आता. रंगावरून टीप मारायची नाही, म्हणजे तेवढा भाग मोकळा राहणार. वॅडिंगच्या वेष्टनावर दोन टिपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालतं ते लिहिलेलं असतं. ८ इंच किंवा जास्त चालणारं घ्या. ४ इंचांचं घेतलं तर चेहऱ्यामागचा थर धुण्यात सरकून गोळा होईल.

मशीनला वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा पाय) लावा. पहिली टीप मधल्या चौकोनाच्या जोडाच्या खाचेत, मग बाहेरच्या. नंतर चेहऱ्याच्या बाह्यरेषेपासून पाव इंच अंतर ठेवून एक फेरा. त्याने चेहरा थोडा उठून येतो. बाकी चौकोनांत हवी ती नक्षी चालेल. फ्लीसवर साध्या सरळ रेषाच मारा, नक्षी त्याच्या लवीत बुडते.

तपासा: दर दोन-तीन टिपांनंतर गोधडी उलटी करून बघा. अस्तराला चुणी पडली असेल तर तेवढंच उसवा. शेवटी बघू म्हटलं तर अख्खा दिवस उसवण्यात जातो.

टप्पा ९: काठ

कडा सरळ कापून घ्या. अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या तिरप्या जोडून साधारण १६० इंच लांबी करा, लांबीत दुमडून दाबा. पुढच्या बाजूने शिवा, कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, पट्टी वर आणि मग खाली दुमडून पुढे चला. मागे वळवून हाताने हेम करा. सुरुवात कोपऱ्यापासून करू नका, बाजूच्या मध्यापासून करा.

टप्पा १०: पट्टा, घुंगरू आणि केस

गळ्याचा पट्टा मशीनवर शिवू नका. बकल सुई मोडतं आणि नायलॉनची पट्टी इस्त्रीखाली वितळते. त्यासाठी एका चौकोनावर बटणाचा खिसा करा, तो टप्पा ७ च्या आधी लावा, आणि पट्टा त्यात ठेवा. धुताना काढता येतो. घरात लहान मूल किंवा दुसरा प्राणी असेल तर घुंगरू वेगळं जपा, ते गिळलं जाऊ शकतं.

काहीजण केसांची बट वॅडिंगमध्ये भरतात. ती हळूहळू कापडातून बाहेर डोकावते आणि कसरीला आयतं खाद्य मिळतं. बट धुऊन, पूर्ण वाळवून, झाकणाच्या छोट्या डबीत घाला आणि गोधडीपासून वेगळी ठेवा.

पहिलं धुणं चित्र पक्कं झाल्यावर किमान आठवडाभराने, थंड पाण्यात, सौम्य डिटर्जंटने. पिळू नका, सावलीत आडवी पसरून वाळवा. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, सुती अभ्र्यात ठेवा. दर काही महिन्यांनी काढून घडी वेगळ्या रेषेवर घाला आणि चेहऱ्यावरून घडी कधीच जाऊ देऊ नका. नऊ चौकोनांची गोधडी दोन्हीकडून तीन-तीन भागांत दुमडली की घड्या जोडांवरच पडतात आणि मधला चौकोन सपाट राहतो.